फॅटी लिव्हर आणि तीन वर्षांचा आहार

गेल्या महिन्यात यकृताच्या डॉक्टरांनी माझी फाईल चाळली आणि म्हणाले, आता वर्षातून एकदा आलात तरी पुरे. २०२२ च्या फेब्रुवारीत हे सगळं सुरू झालं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर वाचत बसायचे. एकीकडे आठ दिवसांत लिव्हर साफ करून देणारे उपाय, दुसरीकडे सिरॉसिसचे, म्हणजे व्रणांनी कडक झालेल्या यकृताचे, भीतिदायक फोटो. साध्या माणसाने पुढची दोन-तीन वर्षं काय खायचं, कोणती तपासणी कधी करायची, मधल्या काळात वजन पुन्हा वाढलं तर काय करायचं, हे मात्र सलग कुठे सापडेना. म्हणून माझ्या बाबतीत जे घडलं ते क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. इथले तपासणीचे आकडे माझे आहेत. तुमचे वेगळे असतील, आणि औषधांबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या.

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एक विकर) ६१ आलं. एसजीओटी, तसंच दुसरं विकर, ४४. त्रास काहीच नव्हता. थोडा थकवा होता, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी आणि घर सांभाळताना थकवा कुणाला नसतो, असं मी धरून चालले होते. फॅमिली डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली आणि रिपोर्टवर आलं ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यकृत निम्मं खराब झालं. तसं नसतं, हे कळायला मला बरेच दिवस लागले, म्हणून इथेच सांगते. सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे यकृत पडद्यावर किती चकाकतं, म्हणजेच चरबी साधारण किती दिसते, याचा अंदाज. यकृतावर व्रण किती पडलेत, म्हणजे फायब्रोसिस किती आहे, हे त्यातून कळत नाही. आणि पुढे काय होणार हे मुख्यतः त्या व्रणांवर ठरतं. उलट बाजूही लक्षात ठेवावी: साधारण २० टक्क्यांपेक्षा कमी चरबी असेल तर ती सोनोग्राफीतून निसटू शकते, आणि एसजीपीटी नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असू शकतं.

त्यानंतरचे काही आठवडे इतर कारणं वगळण्यात गेले. हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी), कोलेस्टेरॉल. मी घेत असलेल्या प्रत्येक गोळीची यादी डॉक्टरांनी मागितली, अगदी दुकानातून आणलेल्या पूरक पावडरीसकट. ही यादी घरूनच लिहून न्यावी, तिथे बसून नावं आठवत नाहीत. साखरेचा आकडा ६.१ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन ७८ किलो.

दारूचा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला गेला. नर्सने विचारला, डॉक्टरांनी विचारला, पुढे तज्ज्ञांनीही विचारला. मी पीत नाही. पहिल्यांदा मला ते फार लागलं, आपल्यावर विश्वास नाही असं वाटलं. पण निदान कुठल्या खान्यात बसतं हे त्या उत्तरावर ठरतं: आठवड्याला शुद्ध अल्कोहोल बाईसाठी १४० ग्रॅम आणि पुरुषासाठी २१० ग्रॅम यापेक्षा कमी असेल तर चयापचयाशी जोडलेलं फॅटी लिव्हर, त्याहून जास्त असेल तर गणित बदलतं. तुम्ही घेत असाल तर खरं प्रमाण सांगा. यकृत आधीच चरबीने भरलेलं असताना थोडी दारूही नको, असंच मला सगळ्यांनी सांगितलं.

फॅमिली डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यावर एक हिशोब केला. त्याला फिब-४ म्हणतात आणि तो नेहमीच्या रक्ततपासणीतूनच होतो. वय गुणिले एसजीओटी, आणि त्या उत्तराला भागायचं ते (हजारांतल्या प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ) या गुणाकाराने. माझ्या प्लेटलेट्स एक लाख नव्वद हजार होत्या, उत्तर आलं १.३९. हे १.३ च्या आत असतं तर वाट पाहता आली असती, २.६७ च्या वर असतं तर घाई करावी लागली असती. (पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात.) मी मधे अडकले होते, म्हणून फायब्रोस्कॅनसाठी, म्हणजे यकृताचा ताठरपणा बाहेरून मोजणाऱ्या तपासणीसाठी, यकृततज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळाली. हा हिशोब तुमच्या जुन्या रिपोर्टांवरून घरीही करता येतो. करून पाहा आणि डॉक्टरांना दाखवा, कारण यकृताची तपासणी आणखी पुढे न्यायची की नाही हे तिथून कळतं.

तज्ज्ञांची तारीख मिळाली ती जूनची. जवळजवळ अडीच महिने. या काळात मी सगळ्यात जास्त घाबरलेली होते. मला वाटायचं, रोज काहीतरी बिघडत चाललं असणार. खरं तर हा आजार वर्षांच्या मापाने पुढे सरकतो, आठवड्यांच्या नाही. तेवढं कुणी आधी सांगितलं असतं तर मी नीट झोपले असते.

विमा कंपनीकडून फायब्रोस्कॅनची पूर्वमंजुरी पहिल्यांदा नाकारली गेली. कारण दिलं होतं, तपासणीची वैद्यकीय गरज स्पष्ट नाही. चिठ्ठीवर फक्त ‘फॅटी लिव्हर’ एवढंच लिहिलेलं होतं. फॅमिली डॉक्टरांनी पुन्हा पत्र दिलं. त्यात फिब-४ चा आकडा, वाढलेलं एसजीपीटी, साखरेची पातळी आणि ‘फायब्रोसिसची पातळी ठरवण्यासाठी’ हे शब्द आले, आणि मंजुरी मिळाली. आहारतज्ज्ञांच्या भेटी मात्र विम्यात बसल्या नाहीत, त्या शेवटपर्यंत खिशातूनच दिल्या. तेव्हा पत्र घेतानाच त्यात कारण आणि आकडे आहेत का ते वाचून घ्या आणि प्रत्येक कागदाची प्रत ठेवा.

फायब्रोस्कॅनला सुई नाही, भूल नाही. किमान तीन तास पोटात काही नको, कारण खाल्ल्यावर यकृताकडे रक्त वाढतं आणि आकडा खोटाच वर जातो. उताणं झोपून उजवा हात डोक्यामागे घ्यायचा, आणि बरगड्यांच्या मधे टिचकी मारल्यासारखे हलके धक्के बसतात. दहा मिनिटांत संपलं. दोन आकडे मिळाले. चरबीचा, ज्याला कॅप म्हणतात, तो ३१२ डेसिबल प्रति मीटर. ताठरपणाचा ८.६ किलोपास्कल. ८ च्या आत असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी धरतात, मी त्याच्या किंचित वर. डॉक्टर म्हणाले, “बायप्सीची (सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून करायच्या तपासणीची) घाई नको. आधी सहा महिने वजन आणि जेवणावर नीट काम करू, मग आकडे परत पाहू.” मी गोळी विचारली. ते म्हणाले, “आत्ता तुमचं औषध तेच.” बाहेर आल्यावर मला रडू आलं. भीती होतीच, पण इतक्या मोठ्या शब्दांच्या रोगावर ‘जेवण बदला’ एवढंच उत्तर मिळालं, याचं वाईट जास्त वाटलं. आज मात्र त्यांनी तेव्हा औषध हा शब्द वापरला याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

वजनाचे टप्पे त्यांनी कागदावर लिहून दिले. वजन ३ ते ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. ७ टक्क्यांच्या पुढे सूज ओसरते. १० टक्क्यांच्या आसपास व्रणही मागे हटू शकतात. क्युबामध्ये २९३ जणांनी वर्षभर फक्त आहार-व्यायाम केला आणि आधी-नंतर बायप्सी झाली, तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी ९० टक्के लोकांची यकृताची सूज गेली आणि ४५ टक्के लोकांचं फायब्रोसिस कमी झालं. पण तिथपर्यंत थोडेच लोक पोहोचले होते, हेही डॉक्टरांनी सांगितलं. माझ्यासाठी १० टक्के म्हणजे ७.८ किलो. वेग आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून जास्त नाही. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात आणि यकृताची सूज वाढूही शकते.

आहारतज्ज्ञ मॅडमनी पहिल्या भेटीत काहीच बंद केलं नाही. सुट्टीचा दिवस धरून काही दिवस जे तोंडात जाईल ते सगळं लिहून आणायला सांगितलं, वेळेसकट. ती वही पाहून त्यांनी लाल पेनने जिथे जिथे खुणा केल्या ते बहुतेक सगळं प्यायचं होतं: गोड चहा, डब्यातला फळांचा रस, संध्याकाळचं थंड पेय, आणि ‘आरोग्यदायी’ लिहिलेलं गोड दही. मी मिठाई फारशी खात नाही, त्यामुळे साखर कमीच खाते अशी माझी समजूत होती. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर (मधातली आणि फळांच्या रसातली धरून) एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. ५ टक्के म्हणजे दिवसाला साधारण सहा चमचे. माझे ते दुपारपर्यंतच संपत होते.

यकृतात चरबी येते कुठून, हे त्यांनी मला समजावलं, आणि ते समजल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. आपण खाल्लेलं तेल थेट यकृतात साठतं असं मला वाटायचं. फॅटी लिव्हर असलेल्यांवरच्या एका नावाजलेल्या अभ्यासात यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के अंगावरच्या चरबीतून रक्तात सुटून आलेली होती, २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिठांपासून बनवलेली, आणि फक्त १५ टक्के थेट जेवणातल्या चरबीतून आलेली. म्हणजे अंगावरची, विशेषतः पोटाची चरबी उतरल्याशिवाय मोठा वाटा हलत नाही. आणि जो वाटा यकृत स्वतः तयार करतं त्याला फ्रुक्टोज सगळ्यात जास्त चालना देतं, कारण फ्रुक्टोजचा निकाल मुख्यतः यकृतातच लागतो. अख्ख्या फळात ते चोथ्याबरोबर, सावकाश आणि थोडं येतं. रसात दोन-तीन फळांचं एका घोटात येतं. म्हणून फळ चालू, रस बंद.

मॅडमनी आणखी एक अभ्यास सांगितला, तो आमच्या घराला लागू पडला. ११ ते १६ वर्षांच्या, फॅटी लिव्हर असलेल्या ४० मुलांवर तो झाला होता. निम्म्या मुलांची वरची साखर आठ आठवडे उष्मांकांच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवली. त्यांच्या यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. बाकीच्यांची २१ वरून २० वर. पण त्या मुलांचं जेवण बदलताना संशोधकांनी त्यांच्या घरातल्या सगळ्यांचंच जेवण बदललं होतं. एकट्या मुलासाठी वेगळं ताट मांडलं नाही. मी घरी येऊन हेच सांगितलं: माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक नको, घरात थंड पेयं आणि रसाचे डबे आणायचेच नाहीत. मुलाने आठवडाभर कुरकुर केली. नवरा काही बोलला नाही, पण दुकानाच्या यादीतून त्याने ते शब्द स्वतःहून खोडले. माझ्या मते तीन वर्षं टिकलेल्या गोष्टींमध्ये ही सगळ्यात महत्त्वाची. रोज दहा वेळा मन आवरण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खरेदी करताना आवरणं परवडतं.

पहिले सहा महिने त्यामानाने सोपे गेले. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग डाळी-कडधान्यं, अंडी किंवा मासे, आणि उरलेला पाव भाग धान्याचा, तेही शक्यतो कोंड्यासकट. चहा आधी अर्ध्या साखरेचा, मग बिनसाखरेचा. जिभेला सवय व्हायला साधारण महिना लागला. कॉफी मला आवडते, आणि ती बंद करायची नाही हे ऐकून फार बरं वाटलं. दिवसाला तीन कप किंवा जास्त कॉफी पिणाऱ्यांमध्ये फायब्रोसिस कमी आढळतं. अर्थात साखर न घालता. जेवण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळेत संपवायचं असंही ठरवलं. उपवासाच्या वेळापत्रकांबद्दल खूप बोललं जातं, पण चीनमध्ये वर्षभर चाललेल्या एका चाचणीत सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खाणारे आणि तेवढेच उष्मांक दिवसभरात केव्हाही खाणारे यांच्या यकृतातली चरबी जवळजवळ सारखीच उतरली. मला वेळ बांधून घेतल्याचा फायदा झाला तो एवढाच, की रात्रीचं टीव्हीसमोरचं खाणं आपोआप थांबलं. तुमचं रात्रीचं खाणं आधीच नसेल तर या नियमाच्या मागे लागायची गरज नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा किंवा धान्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

डिसेंबर २०२२. वजन ७२.५, एसजीपीटी ३४. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फायब्रोस्कॅन: कॅप २४८, ताठरपणा ६.४. मी आनंदाने विचारलं, व्रण गेले का? डॉक्टरांनी घाई केली नाही. सूज ओसरली की ताठरपणाचा आकडा आधी उतरतो. त्यातला किती भाग सुजेचा आणि किती व्रणांचा हे या यंत्राला वेगळं सांगता येत नाही. दिशा बरोबर आहे, एवढंच त्यांनी म्हटलं. मला त्या वेळी ते कोरडं वाटलं, पण तेच खरं होतं.

त्याच सुमारास, जून २०२३ मध्ये, आंतरराष्ट्रीय यकृत संघटनांनी आजाराचं नाव बदललं. जुनं संक्षिप्त नाव एनएएफएलडी जाऊन एमएएसएलडी आलं. माझ्या पुढच्या चिठ्ठीवर नवं नाव पडलं आणि विम्याकडून विचारणा आली, की हा नवीन आजार केव्हापासून आहे. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र आणून द्यावं लागलं, की आजार तोच आहे. तुमच्या जुन्या आणि नव्या कागदांवर वेगवेगळी नावं दिसली तर घाबरू नका, आणि असं पत्र आधीच मागून ठेवा.

मला मुख्यतः दुसऱ्या वर्षाबद्दल लिहायचं होतं, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर आई आजारी पडली. हॉस्पिटल, मग घरी शुश्रूषा, जागरणं. खाणं मिळेल तेव्हा आणि मिळेल ते. चालणं बंद. वसंत ऋतूपर्यंत वजन ७५.५ झालं आणि एसजीपीटी ४७. आईकडे लक्ष देताना मी स्वतःकडे पाहिलं नाही याची मला खंत नाही, त्या वेळी तेच करायचं होतं. पण आकडे पाहून मी खचले. वर्षभर केलेलं सगळं वाया गेलं असं वाटलं.

मॅडमनी तेव्हा जे सांगितलं ते पहिल्या भेटीत सांगितलं असतं तर मला कळलं नसतं. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला पाहतं: भूक वाढवणारे संप्रेरक वाढतात, पोट भरल्याचा निरोप उशिरा येतो, आणि हलक्या झालेल्या शरीराला आधीपेक्षा कमी उष्मांक पुरतात. म्हणजे ज्या जेवणावर वजन उतरलं, तेवढ्याच जेवणावर ते थांबतं, आणि जरा सैल सोडलं की चढतं. हे सगळ्यांचंच होतं. “आता उतरवायचा आहार नको, राहायचा आहार ठरवू,” असं त्या म्हणाल्या. त्या वाक्याने माझा सगळा दृष्टिकोन बदलला.

राहायचा आहार म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या लोकांच्या जुन्या जेवणाचा नमुना. युरोपातले यकृततज्ज्ञ या आजारासाठी त्याचीच शिफारस करतात. तो कुठल्याही स्वयंपाकघरात बसतो, कारण त्यात पदार्थ ठरलेले नसून प्रमाण ठरलेलं आहे: भाज्या, कडधान्यं, अख्खं धान्य, फळं, मूठभर सुकामेवा, आठवड्यातून दोनदा मासे, चरबी मुख्यतः ऑलिव्हसारख्या असंतृप्त तेलातून, लाल मांस आणि लोणी क्वचित, कारखान्यात बनलेलं मांस शक्यतो नाहीच. ऑस्ट्रेलियात बारा जणांवर झालेल्या छोट्या अभ्यासात सहा आठवडे या पद्धतीने जेवल्यावर यकृतातली चरबी ३९ टक्क्यांनी घटली, वजन तेवढंच राहूनही. कमी चरबीच्या आहाराने ती फक्त ७ टक्क्यांनी घटली. बारा माणसं म्हणजे फार नाहीत, हे खरं. पण वजन अडून बसलेलं असताना यकृताचं काम चालू राहू शकतं, या कल्पनेने मला मोठा धीर दिला.

तेलाबद्दलची माझी भीतीही इथे गेली. फिनलंडमध्ये ३८ जणांना तीन आठवडे रोज १००० उष्मांक जास्तीचे खायला दिले. ज्यांनी ते लोणी-चीजसारख्या संतृप्त चरबीतून घेतले त्यांच्या यकृतातली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साध्या साखरेतून घेतलेल्यांची ३३ टक्क्यांनी, आणि असंतृप्त तेल-सुकामेव्यातून घेतलेल्यांची १५ टक्क्यांनी. खाणं जास्त झालं की चरबी वाढणारच, पण कशातून जास्त झालं यानेही एवढा फरक पडतो. मी पहिल्या वर्षी तेलाला हातच लावत नव्हते आणि भाज्या नकोशा व्हायच्या. आता चमच्याने मोजून, पण नीट तेल घालते, आणि भाजी दुप्पट खाल्ली जाते. माझा आहार टिकला तो बऱ्याच अंशी चव परत आल्यामुळे.

व्यायामाचंही तसंच झालं. पूर्वी फक्त चालत होते. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं पुरेसं आहे, आणि व्यायामाने वजन न उतरताही यकृतातली थोडी चरबी कमी होते. पण वजन उतरवताना माझे स्नायूही उतरले होते. म्हणून आठवड्यातून दोनदा रबरी पट्टा आणि हलकी वजनं सुरू केली, आणि प्रत्येक जेवणात प्रथिनं आहेत ना हे बघू लागले. स्नायू जेवणानंतरची साखर उचलतात. ते कमी झाले की तो भार पुन्हा यकृतावर येतो. आई झोपली की पंचवीस मिनिटं, तिच्याच खोलीत.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत या आजारावरचं पहिलं औषध, रेस्मेटिरोम, मंजूर झालं. नातेवाइकांनी बातम्या पाठवल्या. मी डॉक्टरांना विचारलं. ते मध्यम ते गंभीर फायब्रोसिस असलेल्यांसाठी आहे, आणि आहार-व्यायामाच्या जोडीनेच घ्यायचं आहे; माझा ताठरपणा उतरलेला असल्याने मला गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्यांना ते किंवा तशी औषधं लागतील त्यांनी ती घेण्यात कमीपणा मानू नये. काहींच्या जनुकांतच यकृतात चरबी साठण्याचा कल असतो, बारीक अंगाच्या लोकांनाही हा आजार होतो, आणि तेवढीच मेहनत करून प्रत्येकाला तेवढंच फळ मिळत नाही.

‘लिव्हर डिटॉक्स’च्या गोळ्या मात्र मी ठामपणे नाकारल्या, अगदी प्रेमाने कुणी आणून दिल्या तरी. हिरव्या चहाच्या अर्काच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कपातला हिरवा चहा वेगळा आणि अर्काची गोळी वेगळी. आणलेली बाटली परत देणं जड जात असेल तर सरळ सांगा, डॉक्टरांनी मनाई केली आहे. ते खरंच आहे.

तिसरं वर्ष शांत गेलं, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं कमी. वजनकाटा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी सकाळी. दोन किलोची सीमा आखली आहे: त्यापलीकडे गेलं की पुन्हा थोडे दिवस वही. समारंभात जे आवडतं ते एकदा वाढून घेते, बसून खाते, आणि गोड पेय घेत नाही. आईची तब्येत सुधारली आणि आमची संध्याकाळची फेरी दोघींची झाली.

या वर्षीचे आकडे: वजन ७०.८, एसजीपीटी २६, तीन महिन्यांची साखर ५.६, कॅप २३१, ताठरपणा ५.९. दहा टक्क्यांपर्यंत मी पोहोचले नाही, नऊच्या जरा वर थांबले. डॉक्टरांना ते पुरेसं वाटतं. दरवर्षी रक्ततपासणी, फिब-४ आणि गरज वाटल्यास स्कॅन. शिवाय रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलकडे तेवढंच लक्ष, कारण फॅटी लिव्हर असलेल्यांना सगळ्यात मोठा धोका हृदयविकाराचा असतो. हे मला सुरुवातीला कुणी ठळकपणे सांगितलं नव्हतं, म्हणून मी ठळकपणे सांगते आहे. पुढच्या भेटीसाठी फाईलच्या पहिल्या पानावर एक तक्ता लावला आहे: तारीख, वजन, एसजीपीटी, एसजीओटी, प्लेटलेट्स, साखर, स्कॅनचे दोन आकडे. नवीन डॉक्टर असले तरी एका मिनिटात त्यांच्या लक्षात येतं.

हा आजार घराण्यात चालतो, म्हणून धाकट्या भावालाही तपासणी करायला लावली. तो टाळत होता. त्याचा फिब-४ ०.९ आला, सोनोग्राफीत थोडी चरबी आहे. परवा त्याने फोन करून विचारलं, “ताई, वहीत वेळही लिहायची का?” हो, वेळही लिहायची.